बाबांची गाडी

बदलापूरला राहणाऱ्या माणसाला मुंबईत एक प्रश्न हमखास विचारला जातो, "एवढ्या लांबून रोज येता?" आणि बदलापूरला आलेला पाहुणा एक वाक्य हमखास म्हणतो, "काय हवा आहे हो तुमच्याकडे!" मी ही दोन्ही वाक्यं लहानपणापासून ऐकत आलेय. दोन्ही खरी आहेत. फक्त आमच्या घरात ती वाटून घेतली गेली. हवा माझ्या वाट्याला आली, लांबून येणं-जाणं बाबांच्या.

आता माझी लेक तीन वर्षांची आहे आणि आम्ही नवरा-बायको कांजूरमार्गच्या भाड्याच्या वन आरकेमध्ये बसून रोज रात्री एकच विषय चघळतोय. बदलापूरला परत जायचं का?

१९९५ साली आई-बाबांपुढेही हाच प्रश्न होता. तेव्हा मी तीन वर्षांची होते. लालबागच्या चाळीतली एक खोली, त्यात आम्ही सात माणसं, आणि मला सततचा खोकला. डॉक्टरांनी आईला सांगितलं, हिला मोकळी हवा पाहिजे. डॉक्टरांचं काय जातं सांगायला! बाबा फोर्टातल्या एका बँकेत क्लार्क होते. लालबागहून बसनं अर्ध्या तासात ऑफिस. दुपारी डबा विसरला तर आजी कुणाच्या तरी हाती पाठवायची, इतकं जवळ. तिथून ते उठले आणि थेट ६८ किलोमीटरवर जाऊन बसले. बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्याच्या बाजूला, पहिल्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. मागे भातशेती, पलीकडे उल्हास नदी, आणि आभाळ स्वच्छ असलं की गच्चीवरून चंदेरीचा सुळका.

माझा खोकला वर्षभरात गेला. हे आमच्या घरातलं सगळ्यात जास्त वेळा सांगितलं गेलेलं वाक्य असेल.

माझं लहानपण खरंच चांगलं गेलं. उगाच नाही म्हणत. ज्यांचं लहानपण बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गेलंय त्यांना हे सांगताना थोडं ओशाळायला होतं. आम्ही पोरं शाळेतून येऊन दप्तर फेकायचो ते काळोख पडेपर्यंत घरात दिसायचो नाही. जूनमध्ये शेतात पाणी भरलं की खेकडे. श्रावणात मुळगावच्या खंडोबाची टेकडी चढायची, वरून नदीचं वळण बघायचं. पावसाळ्यात एकदा तरी कोंडेश्वर. हिवाळ्यात सकाळी शाळेत जाताना माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशी धुकं असं पसरलेलं असायचं की डोंगर त्यावर ठेवल्यासारखा दिसायचा. उल्हास नदी राजमाचीच्या बाजूनं येते, कर्जत, नेरळ करत आमच्याकडे पोचते, हे आम्हाला भूगोलाच्या पुस्तकाआधी माहीत होतं. कारण तिकडे पाऊस झाला की काही तासांनी आमच्याकडे नदी फुगायची, मग आमच्याकडे टिपूस का पडला नसेना.

आणि जांभळं. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन वगैरे मिळालंय, २०२३मध्ये. आम्हाला तेव्हा मानांकन म्हणजे जिभेचा रंग. मे संपता संपता सुरू व्हायची आणि पाऊस नीट लागला की संपली. जेमतेम काही दिवसांचा खेळ. आजूबाजूच्या पाड्यांवरच्या आदिवासी बाया डोक्यावर पाट्या घेऊन यायच्या आणि स्टेशनच्या जिन्याशी बसायच्या. पानाच्या द्रोणात जांभळं. बाबा रात्री घरी आले की बॅगेतून सगळ्यात आधी तो द्रोण निघायचा, थोडा चेपलेला, तळाशी जांभळा रस गळलेला.

बाबांबद्दलच्या माझ्या लहानपणीच्या आठवणी बऱ्याचशा अशा बॅगेतून निघालेल्या आहेत.

ते पहाटे साडेचारला उठायचे. मी उठेपर्यंत गेलेले असायचे. रात्री नऊच्या आसपास यायचे, तेव्हा मी एकतर झोपलेली असायचे किंवा झोपेला आलेली. जेवताना आई त्यांना दिवसभराचं सांगायची. हिनं आज पोहे सांडले, हिला बाईंनी गाणं म्हणायला लावलं, हिच्या गुडघ्याला लागलं. बाबा जेवता जेवता "हो का? असं?" म्हणत. अंथरुणात पडून मी माझीच गोष्ट ऐकत असायचे. वाटायचं, सगळ्या घरांत असंच असतं. बाबांना मुलांबद्दल आईनं सांगायचं असतं.

त्यांच्या लोकलची वेळ टाइमटेबलमध्ये कितीदा तरी बदलली, पण घरात तिचं नाव 'बाबांची गाडी' हेच राहिलं. रात्री लांबून गाडीचा आवाज आला की आई कुकरखालचा गॅस पेटवायची. स्टेशनवरून चालत यायला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात भात गरम व्हायचा.

मध्ये एकदा मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले होते. जाऊन-येऊन गाडीतले तीन तास, वर्षाचे साधारण २८० दिवस, १९९५ ते २०१९ अशी चोवीस वर्षं. २०,१६० तास. म्हणजे ८४० दिवस. दिवस-रात्र न उतरता माणूस सव्वादोन वर्षांहून जास्त काळ लोकलमध्ये. आणि यात प्लॅटफॉर्मवर थांबणं नाही, मेगाब्लॉक नाही, पावसात कल्याणच्या पुढे गाडी न सरकणं नाही.

पावसाचं निघालंच आहे तर २६ जुलै २००५. मुंबईच्या त्या दिवसाबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी वेगळं काय सांगणार. पण आमच्या नदीकाठी काय झालं ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. दुपारी मागच्या शेतात पाणी होतं, ते नेहमीचंच. संध्याकाळी ते इमारतीच्या पायरीला लागलं. अंधार पडता पडता तळमजल्यावरच्या तिन्ही घरांत शिरलं. लाइट गेलेली. आई खाली उतरली आणि एकेकाला वर घेऊन आली. म्हातारे, पोरं, एक गॅस सिलिंडर, गादीत गुंडाळलेला टीव्ही आणि एक मांजर. आमच्या दोन खोल्यांत त्या रात्री सतरा माणसं होती. आईनं मेणबत्तीच्या उजेडात सतरा जणांची खिचडी टाकली. मी तेरा वर्षांची होते आणि मला, खरं सांगायचं तर, मजा येत होती. मध्यरात्री उठले तेव्हा आई जिन्यात बसली होती. हातात टॉर्च. पाण्यानं किती पायऱ्या गिळल्या ते ती मोजत होती.

बाबांचा फोन लागत नव्हता. ते बँकेतच टेबलावर झोपले होते, हे आम्हाला ते २८ तारखेला घरी पोचले तेव्हा कळलं. मिळेल त्या वाहनानं आणि बराचसा पायी प्रवास करून आले होते. पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं कडक झालेली. दारात उभे राहून त्यांनी आधी आम्हाला मोजलं, मग आत आले. आईनं त्यांना पाणी दिलं आणि पहिल्यांदाच त्यांच्यासमोर रडली. "तुम्ही नव्हतात," एवढंच म्हणत होती. त्यावर ते काय बोलणार होते? त्यांचा मुद्दाही तोच होता.

२०१९च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली. हजाराहून जास्त प्रवासी होते. तेव्हा तुम्ही टीव्हीवर बोटी बघितल्या असतील. ती आमचीच नदी. तेव्हाही बाबा मुंबईत होते. निवृत्तीला पाच महिने राहिले होते.

नोकरी संपली डिसेंबरात. नंतर तीन महिन्यांनी लॉकडाऊन लागला आणि लोकलच बंद झाल्या. गॅलरीत उभे राहून बाबा म्हणाले, "मी थांबलो म्हणून तिनंही थांबायचं होतं का?" विनोद होता, पण कुणी हसलं नाही. साडेचारला ते तेव्हाही उठत होते. आजही उठतात.

निर्बंध सैल झाल्यावर एक गंमत लक्षात आली. बाबांना बदलापूर माहीतच नव्हतं! घर ते स्टेशन हा रस्ता ते डोळे मिटून चालू शकत होते. बहुतेक वेळा अंधारातच चालले होते म्हणा. पण मांजर्लीतून बेलवलीला कसं जायचं, पूर्वेला कात्रपचा बाजार कुठे भरतो, आमच्या दातांचे डॉक्टर कुठे बसतात, काही पत्ता नाही. भाजीवाले त्यांना 'ताईंचे मिस्टर' म्हणायचे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एका नवीन बिऱ्हाडकरूनं त्यांना विचारलं, "काका, तुम्ही इथे नवीन का?" चोवीस वर्षं घराचे हप्ते नि मेंटेनन्स भरलेला माणूस! त्या दिवशी घरी येऊन त्यांनी हे आईला सांगितलं आणि दोघं पोट धरून हसले. मला मात्र हसता आलं नाही.

मग आईनं त्यांना गाव दाखवायला सुरुवात केली. संध्याकाळी दोघं नदीवर फिरायला जाऊ लागले. ग्रंथसखा वाचनालयाबद्दल गाडीतल्या लोकांकडून कधीतरी ऐकलं होतं, तिथेही एकदाचे जाऊन आले. पण तोवर गावही बदललं होतं. २००१च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर लाखाच्या आत होतं, २०११मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेलं, आणि २०२१ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे आता किती, ते सकाळच्या प्लॅटफॉर्मलाच विचारायचं. मागची भातशेती गेली. तिथल्या टॉवरच्या गेटवर आता झाडाचं चित्र आहे. गच्चीवरून चंदेरी दिसायचा, तिकडे आता कुणाच्या तरी बाल्कनीतले कपडे दिसतात. माथेरानच्या डोंगराखालून महामार्गासाठी बोगदा झालाय. जांभळाची झाडं आहेत, पण आता ती कुठे आहेत ते ठाऊक असावं लागतं.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये. आमची बिल्डिंगही कुणाच्या तरी शेतातच उभी राहिली होती. आम्ही आलो तेव्हा हेंद्रेपाड्यातल्या जुन्या माणसांना काय वाटलं असेल, हे आम्हाला विचारायला सुचलंही नव्हतं.

जाहिरातींत मात्र हिरवाई अजून शाबूत आहे. 'निसर्गाच्या कुशीत, कुटुंबासाठी शांत, सुरक्षित परिसर.' नवऱ्याच्या मोबाइलवर रोज एक येतं. मुंबईत आम्हाला जेवढ्यात बाथरूम मिळेल, तेवढ्यात तिथे टू बीएचके, असं तो म्हणतो. थोडं वाढवून म्हणतो, पण फार नाही.

'सुरक्षित' या शब्दापाशी मी अडखळते. ऑगस्ट २०२४मध्ये आमच्या गावाचं नाव देशभर झालं, ते एका शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचारामुळे. २० तारखेला लोक रुळांवर उतरले आणि दिवसभर गाड्या अडल्या. मी ऑफिसात बसून फोनवर बघत होते. ज्या प्लॅटफॉर्मवर मी बाबांचं बोट धरून उभी राहिले होते, तोच. आई फोनवर म्हणाली, "आपल्या बिल्डिंगमधल्या बायकाही गेल्यात." बाबा काहीच बोलले नाहीत. रात्री उशिरा त्यांचा फोन आला. "तुला शाळेत सोडायला मी एकदाही आलो नाही," म्हणाले. "तुझ्या शाळेचं गेट कसं होतं?" मी सांगितलं, निळं होतं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "बरं."

मुंबईत असं होत नाही असं थोडंच आहे? पण मोकळ्या हवेच्या गावात मूल आपोआप सांभाळलं जातं, या समजुतीवर आमच्यासारखी कितीतरी घरं ६८ किलोमीटरवर येऊन राहिली होती. आई-बाप दोघं गाडीत, पोर शाळेत नाहीतर पाळणाघरात, आणि मध्ये दीड तासाचं अंतर. माझ्या वेळी निदान आई घरी होती. तिनं लालबागची शिकवणी सोडली होती. तो हिशेब तर मी अजून केलेलाच नाही.

मार्चमध्ये एका रविवारी आम्ही बदलापूरला गेलो, फ्लॅट बघून आलो. सातवा मजला, नदीची बाजू. लेक रिकाम्या हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळत सुटली, कारण इतकी मोठी जागा तिनं घराच्या आत कधी पाहिलीच नव्हती. टोकनची रक्कम ठरली. आई खूश. मी बाबांना विचारलं. मला वाटलं होतं, ते 'या' म्हणतील.

"नको येऊस," ते म्हणाले.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, असं काय बोलता!"

"हवा चांगली आहे, ते काही खोटं नाही," बाबा म्हणाले. "पण मी ती रविवारीच घेतली. त्यातही मेगाब्लॉक असला की झोप काढायचो."

मग मी ते विचारलं, जे बरीच वर्षं मनात होतं. पश्चात्ताप होतो का? माझ्या खोकल्यापायी आयुष्याची सव्वादोन वर्षं. कॅल्क्युलेटरचा हिशेबही सांगून टाकला. तो ऐकून ते चक्क वैतागले.

"तुला काय वाटतं, मी तीन तास उभा राहून तुझं नाव घेत होतो? आमचा ग्रुप होता. सकाळी भजन व्हायचं. दसऱ्याला डब्याला तोरण बांधायचो. कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं की पेढे आधी गाडीत, मग ऑफिसात. पत्ते मी तिथे शिकलो. सावंतवाडीचा एक जण होता, त्यानं मला दोडामार्गच्या जंगलाच्या इतक्या गोष्टी सांगितल्या की मी तिथे राहून आल्यासारखा आहे. घरी मी कधी एवढा बोललो का?"

नव्हते बोलले. आई दारात उभी राहून ऐकत होती. तिलाही हे सगळं नवीन असावं.

"मग नको का म्हणता?"

"कारण तो ग्रुप माझा होता. तू गाडीत कानात ते घालून बसणार." त्यांनी कानाकडे बोट दाखवलं. "आणि हे बघ, तुझा हिशेब तू कर. माझा मांडू नकोस."

तो विषय तिथेच थांबला. पण नवऱ्यानं एक बरी युक्ती काढली. लगेच ठरवायला नको, आधी आठवडाभर राहून बघू. त्याला आठवड्यातून दोनच दिवस अंधेरीला जावं लागतं, मला मात्र पाचही दिवस पवईला. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही बॅगा भरून आई-बाबांकडे गेलो.

सोमवारी पहाटे उठले तर बाबा चहा गाळत होते. मला पोचवायला स्टेशनवर आले. अंधारात त्यांचा चालण्याचा वेग पाहून मी थक्क झाले. कुठला पेव्हर ब्लॉक हलतो ते त्यांच्या पायांना माहीत होतं. पुलावर अंबरनाथ-उल्हासनगरकडून 'डाऊन' करून आलेले लोक आधीच खिडक्या धरून बसलेत हे बघून ते पुटपुटले, "अजून तेच." प्लॅटफॉर्मवर मी विचारलं, बायकांचा डबा कुठे येतो? ते थबकले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"हे काही मला सांगता यायचं नाही," म्हणाले. "तिकडे कधी बघितलंच नाही."

एका बाईंनी हात करून दाखवलं.

कांजूरला उतरून पुढे रिक्षा, ऑफिसात नऊला. संध्याकाळी निघायला उशीर झाला. ठाण्याला गाडीत शिरले ती अंबरनाथपर्यंत उभी. डोंबिवलीनंतर एका मुलीनं मला तिच्या बॅगेवर हात टेकू दिला, एवढाच काय तो दिवसाचा आराम. पण अंबरनाथ गेलं आणि दारातून वारा आला. गार, ओल्या मातीचा. कुठेतरी पाऊस पडून गेला होता. डब्यात बऱ्याच बायकांनी एकदमच खांदे सैल सोडलेले मला दिसले. माझेही सैल झाले. बाबांच्या हिशेबात हेही कधीतरी असेल, असं तेव्हा वाटलं. तेवढं मात्र त्यांनी मला सांगितलं नव्हतं.

जिना उतरले तेव्हा नऊला दहा मिनिटं कमी होती. खाली बाबा उभे होते. लेक त्यांच्या खांद्यावर झोपलेली, तोंड उघडं, जीभ जांभळी. फ्रॉकवर छातीपाशी जांभळे डाग, ते आता निघायचे नाहीत.

"तुझी वाट बघत होती," बाबा म्हणाले. "गाडी आली की विचारायची, ही आईची गाडी का? चार गाड्या गेल्या. पाचवीला झोपली."

मी तिला घ्यायला हात पुढे केले, पण त्यांनी मान हलवली. राहू दे, उठेल. आम्ही चालू लागलो आणि ते सांगायला लागले. सकाळी ती नदीवर गेली होती. पाण्याला घाबरली नाही, बदकांना घाबरली. दुपारी आजीच्या पोळीचा कोंबडा केला. जांभळाच्या बिया मोजल्या, अकरापर्यंत बरोबर, पुढे एकदम वीस. एका कुत्र्याचं नाव तिनं ठेवलं, पण ते ती उद्या मलाच सांगणार आहे, आबांना सांगायची परवानगी नाही.

"हो का?" मी म्हणत होते. "असं?"